आण्णांची गाडी, डावा गुडघा आणि सुर्लीचा घाट

आजची नोंद फवारणीची नाही, छाटणीची नाही, गाडीची आहे. पण बागेशी तिचा संबंध आहे म्हणून इथंच लिहितोय. ज्यांच्या घरात सत्तरीचा बाप किंवा आई अजून गाडी चालवून रानात जाते, त्यांनी वेळ काढून वाचा.

आमचं घर कराड तालुक्यात, ओगलेवाडीच्या पुढं. बाग कडेगाव तालुक्यात. मधे सुर्लीचा घाट. म्हणजे आण्णा सकाळचा चहा सातारा जिल्ह्यात पितात आणि न्याहारी सांगली जिल्ह्यात करतात. वरची साडेतीन एकर त्यांच्या आजोळची. टेंभूचं पाणी आलं तसा तिथं ऊस आला, मग एक एकर द्राक्ष. कृष्णेचं पाणी पंपानं वर चढतं आणि आण्णा गाडीनं. जाऊन येऊन 40 किलोमीटर. आण्णांचं वय 72.

आण्णांनी आयुष्यभर चालवलंय. बैलगाडी, एम-80, ट्रॅक्टर, आणि गेली चौदा वर्षं एक छोटी मॅन्युअल गाडी. हात साफ. पण दोन वर्षांपासून डावा गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणाले झीज आहे, वजन कमी करा, जास्त वाकवू नका. आता क्लच म्हणजे दुसरं काय असतं? डावा गुडघा दिवसात दोन-तीनशे वेळा वाकवायचा आणि दाबायचा. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आण्णा बोलले नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली. घाटात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं, मागं गाड्यांची रांग. थांबायचं, दहा फूट जायचं, परत थांबायचं. अशा रांगेत आण्णांचा गुडघा अखडला. क्लच सुटला, गाडी बंद पडली आणि मागं घसरली. मागं दुधाचे कॅन लावलेला एक पोरगा मोटरसायकलवर होता. त्यानं गाडी टाकून बाजूला उडी मारली म्हणून वाचला. कॅन चेपले, दूध रस्त्यावर. आण्णांनी दुधाचे पैसे दिले, पोराला जवळच्या टपरीवर चहा पाजला आणि घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. मला चार दिवसांनी त्या पोराच्या चुलत्याकडून कळलं.

मी त्या रात्री चावी काढून घेतली. सरळ सांगतो, बोललोही वाईट. "उद्या कुणाचं पोरगं मेलं तर काय तोंड दाखवायचं?" असं म्हणालो. आण्णा एवढंच म्हणाले, "बरं. ठेव तुझ्याकडं."

पुढचे बारा दिवस आण्णा घरी. सोप्यात बसून राहायचे. पेपर दोनदा वाचायचे. आई म्हणाली, "माणूस असं मोकळं बसलं की गंजतं रे." मी म्हणालो मी नेतो की रोज. पण माझी खालची शेती, डेअरीचं काम, पोरांची शाळा. मी एक दिवसाआड दुपारी वर जाऊन यायचो. मोटर बघायची, गड्याला सांगायचं, माघारी.

बाग तेव्हा छाटणीपासून तिसाव्या दिवसाच्या आसपास होती. फुलोऱ्याच्या तोंडावर. वरनं ढगाळ हवामान, सकाळी दव. द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको. आण्णा रोज सकाळी दव असतानाच ओळीतून फिरतात. खालची पानं उलटी करून बघतात. पानावर तेलकट पिवळा ठिपका दिसला की त्याच दिवशी आमच्या ग्रुपवर फोटो येतो. त्या बारा दिवसांत फोटो आला नाही, कारण बघणारा माणूस घरात होता. मी दुपारी बारा वाजता जाऊन काय बघणार? उन्हात सगळी पानं चांगलीच दिसतात. तेराव्या दिवशी गडी म्हणाला, "मालक, खालच्या बाजूला घडावर पांढरं दिसतंय." डाऊनी घडात शिरला होता. सहा ओळी हातच्या गेल्या. वरनं फवारण्यांचा खर्च वेगळा.

मी आण्णांना फोटो दाखवला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आठ दिवसांपूर्वीच पानावर असणार हे." तेवढंच.

त्या दिवशी मला कळलं की मी चुकीचा प्रश्न सोडवत होतो. 'आण्णांनी गाडी चालवायची का नाही' असा माझा प्रश्न होता. आण्णांचं नेमकं काय थकलंय आणि काय शाबूत आहे, हे मी बघितलंच नव्हतं. थकला होता डावा गुडघा. नजर, कान, डोकं, उजवा पाय यांची तपासणी न करताच मी अख्खा माणूस बाद केला होता.

मग आधी तपासणी. कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पूर्वी झालंय, दुसऱ्यात थोडा सुरू आहे. दिवसा नजर चांगली, रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास. कान ठीक. मान दोन्ही बाजूला वळते. डॉक्टरांनी उजव्या पायाची ताकद आणि चपळाई बघितली, ती चांगली निघाली. तुम्हाला माहीत असेल, आपल्या कायद्यात गाडी चालवायला वरची वयोमर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढं लायसन्स दर 5 वर्षांनी नवं करायचं आणि त्याला डॉक्टरचा दाखला, नमुना 1-अ, जोडायचा. हा दाखला आपल्याकडं कसा मिळतो ते तुम्हीही जाणता आणि मीही. म्हणून कागदासाठी नको, खरी तपासणी घरच्यांनीच करून घ्यायची.

तर ठरलं, ऑटोमॅटिक. आता गंमत अशी की ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो.

पहिली एएमटी. हिच्यात गिअरबॉक्स आणि क्लच आपल्या नेहमीच्या गाडीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक यंत्र करतं, कॉम्प्युटर त्याला सांगतो. समजा गाडीत एक न दिसणारा ड्रायव्हर बसवलाय. आपल्याकडं 2014 ला सेलेरिओमध्ये ही आली आणि तिथून छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक परवडायला लागलं. मॅन्युअलपेक्षा पन्नास हजाराच्या आसपास जास्त पडतात. तोटा एकच, गिअर बदलताना गाडी किंचित थबकते, डोकं पुढं झुकतं. घाईनं पाय दाबला तर जास्त जाणवतं.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात गिअर नाहीतच. दोन पुल्या आणि एक पट्टा, पुलीचा घेर कमी-जास्त होतो. हार्वेस्टरवर व्हेरिएटर बघितलाय ना, तेच. तुमच्या घरच्या स्कूटरमध्येही हेच तत्त्व आहे. चालायला मऊ, पण महाग.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. क्लचच्या जागी तेलात फिरणारे समोरासमोर दोन पंखे. एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. चढाला उत्तम, पण छोट्या स्वस्त गाड्यांत फारशी मिळत नाही.

चौथा पर्याय ईव्ही. हिला गिअर बदलणंच नाही. 40 किलोमीटर रोजचं अंतर, घरी चार्जिंग, हिशेबात बसत होती. टियागो ईव्ही आम्ही बघितली. पण आण्णा म्हणाले, "लाईटच्या भरवशावर मी आयुष्यभर मोटर चालवली. आता गाडी न्हाई चालवणार." रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला उठलेल्या माणसाशी यावर वाद घालता येत नाही. ज्यांच्याकडं घरची लाईन चांगली आहे त्यांनी ईव्ही जरूर बघावी. सीएनजीवाल्यांसाठी एक माहिती, सीएनजी आणि एएमटी एकत्र आपल्याकडं पहिल्यांदा 2024 ला टियागो-टिगोरमध्ये आलं. आमच्या वाटेवर पंपाची रांग परवडणारी नव्हती, म्हणून पेट्रोलच.

पैशाचं बघितलं तर वेळ बरी होती. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक सेस होता तो 18 टक्के झाला. अट एवढीच की इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि लांबी 4 मीटरच्या आत. ट्रॅक्टरचा त्याच दिवशी 12 चा 5 झाला, ते तुम्हाला पाठच आहे.

आता निवड कशी केली ते सांगतो. मी मोबाईलवर तीस व्हिडिओ बघितले. त्यात सनरूफ, स्क्रीन, अलॉय व्हील. सत्तरीच्या माणसाला यातलं काय लागतं ते एकानंही सांगितलं नाही. शेवटी आईनं रस्ता दाखवला. म्हणाली, "त्यांना कुठल्या खुर्चीवरनं हात न टेकता उठता येतं ते आधी बघ."

घरात चार खुर्च्या. टेप घेऊन मोजल्या. 16 इंच उंचीच्या खुर्चीवरून आण्णा दोन्ही हात टेकून उठतात. 19 इंचाच्या खुर्चीवरून सहज. झालं, हे पहिलं माप. शोरूमला गेलो की मी आधी जमिनीपासून सीटची उंची मोजायचो. सेल्समन पोरं बघत राहायची. बुटक्या गाड्या इथंच गळल्या. दिसायला देखण्या, पण आण्णा त्यात बसायचे नाहीत, पडायचे. आणि बाहेर यायला दरवाजाचा खांब धरायचे. फार उंच गाडीही नको, चढायला परत डावा गुडघाच लागतो.

दुसरं माप, नजरेचं. सीटवर बसून बॉनेट दिसतं का? बांधाच्या कडेनं वळवताना पुढचा कोपरा कळतो का? तिसरं, बटणं. पंखा, एसी, दिवे हाताला चाचपून सापडले पाहिजेत, रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनवर बोट फिरवायला लागू नये. चौथं, पोटाची उंची. आमची बागेची वाट म्हणजे ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. पाचवं, कराडात सर्व्हिस मिळते का.

आणि सहावं माप घाट. एका शोरूमला म्हणालो, गाडी सुर्लीच्या घाटात चालवून बघणार, आणि चालवणार आण्णा. ते म्हणाले, टेस्ट ड्राईव्ह हायवेच्या सर्व्हिस रोडवरच मिळेल, आणि साहेबांचं वय बघता तुम्ही चालवा. आण्णा गाडीतनं उतरले. मला म्हणाले, "चल. नवरी बघायला आलोय आन् हे तिच्या मावशीला दाखवायला लागलेत." दुसरीकडं एक समजूतदार पोरगा भेटला. तो स्वतः शेजारी बसून घाटात आला. चढाला मुद्दाम थांबवली, हँडब्रेक लावला, परत उचलली. असं पाच वेळा केलं. मी मागच्या सीटवर बसून आण्णांचा डावा पाय बघत होतो. नुसता पडून होता. दोन वर्षांत मी त्यांना घाटात एवढं मोकळं बसलेलं बघितलं नव्हतं.

शेवटी दोन गाड्या उरल्या, वॅगनआर आणि पंच, दोन्ही एएमटी. वॅगनआर बसायला फार सोपी, काचा मोठ्या, वळायला हलकी. आण्णांचं मन तिच्यावर होतं. माझं अडलं सुरक्षेच्या तपासणीवर. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पंचला 2021 ला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी 5 तारे मिळाले, वॅगनआरला 2023 ला 1. आता म्हाताऱ्या माणसाची हाडं लवकर मोडतात आणि लवकर जुळत नाहीत. समोर ऊसाची ट्रॉली, तिला मागं रिफ्लेक्टर असेल तर नशीब. माझ्यासाठी घेतली असती तर कदाचित दुसरा विचार केला असता. आण्णांसाठी पंच घेतली. तिचे दरवाजे पार काटकोनात उघडतात, त्यामुळं पाय आत घेताना गुडघा आदळत नाही. पोट जमिनीपासून 187 मिलिमीटर वर. चाकोरीत घासत नाही. एमएच-50 पासिंग होऊन गाडी दारात आली, आईनं लिंबू ठेवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच सेल्समननं सांगितलं नाही. ऑटोमॅटिक गाडी डाव्या पायाचं ओझं काढते, पण सगळा भरवसा उजव्या पायावर टाकते. मॅन्युअलमध्ये गडबडीत चुकीचा पाय पडला तरी दुसरा पाय क्लचवर असतो, इंजिन सुटं होतं, नाहीतर गाडी बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक समजून ऍक्सिलरेटर दाबला तर गाडी पळतच सुटते, आणि घाबरलेला माणूस अजून जोरात दाबतो. जपानमध्ये म्हातारी माणसं खूप आणि गाड्याही बहुतेक ऑटोमॅटिक. 2019 ला टोकियोतल्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाकडून असंच झालं. एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. त्या देशानं पुढं नियम केला की 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत अशी चूक रोखणारी यंत्रणा पाहिजेच. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत ती अजून नाही. म्हणून आपली यंत्रणा म्हणजे सराव.

आम्ही आठ दिवस आण्णांना रस्त्यावर जाऊच दिलं नाही. सकाळी साडेसहाला गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर. पहिल्याच दिवशी काय झालं सांगतो. थांबायची वेळ आली, चाळीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर बसला. क्लच दाबतात तसा पूर्ण. गाडी जागेवर खिळली, माझं कपाळ डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. आण्णा म्हणाले, "नांगराचा बैल कुळवाला जुंपला की असंच करतो." मग नेम ठरवला.

डावा पाय मागं ओढून सीटच्या बाजूला ठेवायचा, तो कशालाच शिवणार नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली, ऍक्सिलरेटरला फक्त चवडा वळवायचा. कोल्हापुरी पायताण गाडीत चालणार नाही, ते सुटतं आणि पेडलखाली जातं. मागं पट्टा असलेली सँडल घ्यायची. रबरी मॅट हुकात अडकवलेली पाहिजे.

घाटासाठी अजून तीन. चढाला रांगेत थांबलं तर गाडी ऍक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, एएमटीत आतला क्लच जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेक. उतरताना डी मध्ये सोडून द्यायची नाही, गिअर वर चढतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एम मध्ये घेऊन दुसऱ्यावर ठेवायची. भरलेली ट्रॉली उतारानं न्यूट्रलवर आणत नाही, तीच गोष्ट. आणि बहुतेक एएमटीत 'पी' नसतो, म्हणून उतरण्याआधी हँडब्रेक लावायचाच. बागेच्या उतारावर आम्ही चाकाला दगडही लावतो.

शेवटी करार. हा मी लादला नाही, बसून ठरवला. आण्णांनी स्वतः त्यांच्या फवारणीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलाय. दिवस मावळायच्या आत घरी. दर सहा महिन्यांनी डोळे. गुडघ्याची किंवा झोपेची गोळी घेतली तर त्या दिवशी गाडी नाही. गाडीला कुठंही घासलं, आदळलं, तर त्याच दिवशी घरात सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ओरडायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून लिहिलं. मी खाली सही केली.

एक कलम लिहिलं नाही, पण बोललो. मी विचारलं, "आण्णा, थांबायची वेळ आली हे कसं ठरवायचं?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू महिन्यातनं एकदा शेजारी बसून येत जा. तुला भ्या वाटलं तर सांग. चावी माझ्या हातानं देतो. पण तू काढून घ्यायची न्हाई." 

गेल्या रविवारी पहिल्यांदा शेजारी बसून गेलो. घाटात ट्रॅक्टर होता. आण्णा पन्नास फूट अंतर सोडून थांबले, हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर. मला भ्या वाटलं नाही. वर पोचल्यावर ते सरळ ओळीत शिरले आणि मी गाडी वळवून लावेपर्यंत पानं उलटी करायला लागले होते. त्या सहा ओळींत यंदा फार काही मिळणार नाही. बाकीच्यात मणी चांगले फुगतायत, त्याची नोंद पुढच्या वेळी.